स्टार्टचं बटण आणि आमच्या घरचा हिशोब



खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यात. आज कंप्युटरबद्दल लिहितोय. शेतीच्या पानावर हे कुठून आलं असं वाटेल. पण गेल्या महिना-दीड महिन्यात भवानीनगर, सणसर, लासुर्णे या पट्ट्यातल्या चार-पाच जणांनी मला एकच विचारलं. "विंडोज १० बंद झालं म्हणतात, आता ते अकरा घ्यायचं का? त्यात काही म्हणजे काही जागेवर सापडत नाही म्हणे." मी दहावी पास माणूस, कंप्युटरमधला जाणकार नाही. पण आमच्या घरात अकरा वर्षांचा शेतीचा आणि दुधाचा हिशोब कंप्युटरवर आहे हे आजूबाजूला माहीत आहे, म्हणून विचारतात. आणि तो हिशोब मी नाही ठेवत, सौ. ठेवते.

तिनं २००९ साली बारामतीला जाऊन एमएस-सीआयटी केली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली निघालं आणि त्याचा हा कोर्स तालुक्या-तालुक्यात पोचला. सरकारी नोकरीला त्याचं सर्टिफिकेट लागायचं म्हणून पोरांची गर्दी असायची. त्या पोरांत ही एकटी दोन लेकरांची आई. सकाळची धार काढून, डबे करून एसटीनं जायची आणि दुपारी वैरणीच्या वेळेला परत. तिची वही अजून आहे. पहिल्याच पानावर पेनानं चौकोन काढलाय, चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक बारकं खोकं आणि शेजारी लिहिलंय, "इथून सगळं सुरू होतं." ते स्टार्टचं बटण. आपल्या भागात ज्यांनी ज्यांनी हा कोर्स केला, त्या सगळ्यांना कंप्युटर असाच शिकवला गेलाय. काय कुठं आहे ते पाठ करून. डावीकडे खाली स्टार्ट, मग प्रोग्रॅम, मग एक्सेल. मशीन आतून कसं चालतं ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. मोटारीच्या आत तांब्याच्या तारेचे किती वेढे आहेत हे माहीत नसताना आपण जन्मभर हिरवं बटण दाबून पाणी काढतोच की.

२०१४ ला आम्ही बारामतीतून वापरलेला कंप्युटर आणला. त्यात विंडोज ७ होतं. पुढं भाच्यानं त्यावर विंडोज १० टाकून दिलं, तेव्हा ते फुकट मिळायचं. रंग बदलले, अक्षरं थोडी वेगळी झाली, पण बटण कोपऱ्यातच राहिलं. तिचं काम एक दिवस अडलं नाही.

काम काय, ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. सकाळ-संध्याकाळ किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय, पेंडीची उचल किती, हे रोज रात्री जेवणं झाली की भरायचं. उसाचं लागण तारीख, बेसल डोस, बांधणी, पाण्याच्या पाळ्या, तोडीची तारीख, टनेज. डाळिंब दीड एकर आहे, त्याच्या प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, लिटरला किती, आणि काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं. माल बघायला येणारा व्यापारी आता फवारणीचं रेकॉर्ड मागतो. आमच्याकडे ते दोन मिनिटांत निघतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही एका ठिकाणी दूध घालत होतो, नाव घेत नाही, कारण पुढं ते नीट झालं. बिलातली फॅटची सरासरी आणि रोजच्या चिठ्ठ्यांची सरासरी जुळेना. फरक दोन पॉइंटांचा. मी म्हटलं जाऊ दे, दोन पॉइंटानं काय होतंय. सौ.नं तीन बिलांचा, म्हणजे तीस दिवसांचा कागद काढला, सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी, खाली बेरीज. मी नुसता तो कागद टेबलावर ठेवला. समोरच्यानं वाचला, मशीनकडं बघितलं, पोराला हाक मारली. फरक पुढच्या बिलात जमा झाला. रक्कम हजाराच्या आतली होती. पण तेव्हापासून तिच्या एक्सेलला घरात कुणी "काय ते टाइमपास" म्हणत नाही. मी तर नाहीच.

तर यंदा दिवाळीला थोरल्यानं त्याचा लॅपटॉप घरी आणून दिला. त्यानं स्वतःला नवा घेतला. चांगला लॅपटॉप आहे, पटकन सुरू होतो, पंखा गरगरत नाही. त्यात विंडोज ११. त्यानं सगळ्या फायली आणून टाकल्या, आईला बसवलं आणि म्हणाला, "घे, आता सुटलीस त्या डबड्यातून."

तिनं माउस उचलला आणि हात सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं ऊन-पावसाचं चित्र आणि तापमान. दाबलं तर बातम्या उघडल्या. सिनेमावाल्यांच्या.

"अरे माझं बटण कुठंय?"

"आई, ते मधी गेलंय. बघ ना, ती चार निळी खोकी."

"मधी कशाला नेलं?"

पोरगं गप्प. त्याला ते कधी खटकलंच नव्हतं, कारण त्याची पिढी जागा पाठ करत नाही, समोर जे दिसेल ते दाबत जाते.

पुढं तिला जुन्या फायलीची कॉपी करायची होती. राइट क्लिक केलं तर वर ओळीनं बारकी चित्रं, कात्री आणि दोन कागद आणि असलंच काहीतरी. कट, कॉपी, पेस्ट हे शब्द गायब. तेव्हा ती जे बोलली ते मला अजून आठवतंय. "चित्रं अडाण्यांसाठी असतात. मला अक्षर वाचता येतंय, मी बारावी झाले, मग माझी अक्षरं का काढली?"

याला उत्तर नव्हतं. नंतर मी भाच्याला विचारलं तर कळलं की हे तिचं एकटीचं म्हणणं नाही. जगभरातून तशीच कुरकुर झाली आणि पुढच्या २४एच२ नावाच्या आवृत्तीत त्या चित्रांखाली नावं परत आली. म्हणजे अमेरिकेतल्या कुणा माणसाला आणि आमच्या घरच्या बाईला एकाच जागी ठेच लागली. आमच्या लॅपटॉपला ती आवृत्ती नंतर आली, पण तोवर तीन आठवडे ती परत वहीत लिहायला लागली होती. लॅपटॉप कपाटावर, त्यावर रुमाल.

त्या तीन आठवड्यांत पोरगा फोनवर म्हणायचा, "बाबा, दोन दिवसांची सवय असते. नव्या गोष्टीला तुम्ही लोक आधी नाहीच म्हणता." हे मला पटत नाही आणि म्हणूनच एवढं लिहितोय. आपण नव्याला नाही म्हणणारे लोक असतो तर या पट्ट्यात ठिबक आलं नसतं. निमगाव केतकीच्या पानमळ्यांच्या शेजारी डाळिंब उभं राहिलं नसतं. आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसाचं जे एआयचं काम चाललंय, सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करून शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला द्यायचा, ते बघायला लांबलांबची माणसं आली नसती. त्या कामात विंडोज काढणारी मायक्रोसॉफ्टच आहे. तिचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बारामतीच्या शेतकऱ्यांचं उदाहरण जगापुढं सांगितलं, तेव्हा आम्हालाही बरं वाटलं. जमीन कुठं तहानलेली आहे हे मशीन सांगत असेल तर मी ऐकणारच. त्यात माझं काम कमी होतंय. बटण कोपऱ्यातून मधे नेल्यानं कुणाचं काम कमी झालं, ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ट्रॅक्टरचं बघा. आमचा जुना ३५ एचपीचा. त्याला गिअरचा दांडा मधे, दोन पायांच्या मधोमध. नवे आले त्यात दांडा बाजूला गेला, साईड शिफ्ट. कुणी कुरकुर केली नाही, कारण चढता-उतरताना पाय अडकायचा तो अडकायचा थांबला. पहिल्या दिवशीच गुडघ्याला कळलं की हे का केलं. पण क्लच? क्लच माझ्या जाणतेपणापासून डाव्या पायाखाली आणि ब्रेक उजव्या पायाखाली. कुठल्याही कंपनीचा घ्या, कुठलंही मॉडेल घ्या. नवीन रंग आला, पॉवर स्टिअरिंग आलं, तरी तिथं कुणी हात लावला नाही. कारण ढेकळात, उतारावर, मागं रोटर फिरत असताना माणूस विचार करून पाय टाकत नाही. पायाला माहीत असतं.

बैलाचंही तेच होतं. आमच्या वडिलांच्या जोडीत आतला बैल आत आणि बाहेरचा बाहेर. एकदा नव्या गड्यानं उलटे जुंपले तर दोघं जागचे हलेनात, एकमेकांना रेटायला लागले. बैल तेच, जू तेच, रान तेच. वडील त्या गड्याला बोलले नाहीत. त्यांनी नुसती जोडी सोडली आणि परत जुंपली.

भाच्यानं मला विंडोजचा इतिहास सांगितला तो मजेशीर आहे. हे स्टार्टचं बटण पहिल्यांदा आलं ते विंडोज ९५ मध्ये, २४ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतर सतरा वर्षं ते डाव्या कोपऱ्यात होतं. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि त्यात बटणच काढून टाकलं. पडदाभर रंगीत फरशा. कारण तेव्हा बोटानं चालणाऱ्या टॅबलेटची हवा होती, आणि कंपनीला वाटलं की टेबलावरचा कंप्युटर आणि हातातली पाटी दोन्ही एकाच पद्धतीनं चालावं. आता ज्याच्याकडं माउस आहे त्यानं बोटाच्या फरशा घेऊन काय करायचं? मशीन बंद करायचं म्हटलं तरी उजव्या कोपऱ्यात माउस नेऊन, बाहेर येणाऱ्या पट्टीतून सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं. लोकांनी एवढा ओरडा केला की वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ ला, ८.१ मध्ये बटण परत आलं. २०१५ ला विंडोज १० आलं त्यात जुन्या पद्धतीचा मेनूही परत आला. नऊ नंबर मधे आलाच नाही, आठवरून एकदम दहा. सात-बाऱ्यावर असा नंबर गाळून बघा म्हणावं.

सात-बाऱ्यावरून आठवलं. आपल्या सगळ्यांच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा पडदा तोच, कागदाचा असला तरी. २०२० मध्ये शासनानं त्याचा नमुना बदलला. वर राजमुद्रा आणि ई-महाभूमीचं चिन्ह आलं, गावाचा कोड आला, क्षेत्राला हेक्टर-आर-चौरस मीटर असं एकक स्पष्ट लिहिलं गेलं, नावाबरोबर खाते नंबर आला, कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेघ मारलेली दिसायला लागली, प्रलंबित फेरफार दिसायला लागला. तेव्हाही पारावर कुजबुज झालीच. हा उतारा बँक घेणार का, जुना चालणार का, यात आपलं नाव कमी तर नाही ना झालं? त्याआधी १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा सुरू झाला तेव्हाही लोक म्हणत होते, सही-शिक्का नसलेला कागद कसला आलाय. आज पंधरा रुपयात घरबसल्या निघतो आणि सगळे काढतात.

मग सात-बाऱ्याचा बदल लोकांनी का गिळला? माझं मत सांगतो. त्यात भर घातली पण घर हलवलं नाही. क्षेत्र डावीकडं होतं ते डावीकडंच राहिलं. मधे नावं ती मधेच. कुळ आणि इतर अधिकार उजव्या बाजूला होते ते उजवीकडंच. ज्या म्हाताऱ्याला वाचता येत नाही, पण कर्जाचा बोजा उजव्या बाजूला असतो एवढं माहीत आहे, तो अजूनही तिथंच बोट ठेवतो आणि विचारतो, "हे कमी झालं का रं?" आणि रेघ दिसली की त्याला कळतं. बदल करणाऱ्यानं हे मुद्दाम केलं की आपोआप झालं, मला ठाऊक नाही. पण झालं ते बरोबर झालं.

पडदा बदलतो तेव्हा खरं काय जातं, ते मी त्या तीन आठवड्यांत घरात बघितलं. नुसता वेळ जात नाही. ज्या बाईनं एकट्यानं समोरच्याचं बिल तपासलं होतं, ती परत "अहो, जरा पोराला फोन लावा ना" म्हणायला लागली. पोरगा कामावर. भाचा रविवारी येणार. मग तोवर राहू दे. असं राहू दे, राहू दे करता करता हिशोब दुसऱ्याच्या हातात जातो. पंचविशीतल्या पोराला दोन दिवस लागतात, कबूल. पण पस्तिशीत कोर्स केला, वह्या लिहून पाठ केलं, ते पन्नाशीत पुसायचं आणि परत लिहायचं, त्याला दोन दिवस लागत नाहीत. आणि शिकताना चार वेळा "अगं आई, असं नाही गं" ऐकावं लागतं ते वेगळंच.

हे आता फक्त हौसेचं राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आधी तलाठी पिकाची नोंद करायचे, आता बांधावर उभं राहून फोटो काढून आपली आपण करायची. अॅपची आवृत्ती बदलली की दोन-चार दिवस वस्तीवरची वयस्कर माणसं पोरांच्या मागं फिरताना दिसतात. हंगाम थांबत नाही आणि शेवटची तारीखही थांबत नाही. गाव नमुना बाराला पीक लागलं नाही तर पुढं नुकसानीचं काय सांगणार? मी याला नावं ठेवत नाही, आपल्या पिकाची नोंद आपल्या हातात आली ही मोठी गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच, की जे आता प्रत्येकाला वापरावंच लागतं त्याचं बटण हलवताना हलवणाऱ्यानं आधी एखाद्या वस्तीवर येऊन दोन दिवस बसावं. चहा आम्ही पाजू.

आता ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी कामाचं.

विंडोज १० बंद झालं म्हणजे कंप्युटर बंद पडला असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट येणं थांबलं. चालायला ते चालतं. पण त्यावर बँकेचं काम करत असाल तर धोका आहे, ही नुसती भीती घालणं नाही. घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या वाढवून मिळायची सोय कंपनीनं ठेवलीय, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं असतं. तेवढं करून घ्या, तेवढा वेळ मिळतो. विंडोज ११ जुन्या मशीनवर घ्यायला टीपीएम २.० नावाचा भाग लागतो आणि प्रोसेसरही साधारण २०१८ नंतरचा लागतो. आमच्या जुन्याला ते बसत नाही. दुकानदार "नवाच घ्या" म्हणेल, तर आधी आपल्या मशीनला ते बसतं का हे तपासायला लावा.

आणि अकरा असेल तर बटण परत कोपऱ्यात आणता येतं. खालच्या पट्टीच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज येईल. त्यात सगळ्यात खाली टास्कबार बिहेविअर्स. ते उघडलं की टास्कबार अलाइनमेंट, तिथं सेंटर असेल ते लेफ्ट करा. झालं. त्याच सेटिंगमध्ये वरती विजेट्स आहे ते बंद केलं की ऊन-पावसाचं चित्र आणि सिनेमाच्या बातम्या जातात. राइट क्लिकचा जुना लांब मेनू हवा असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरून राइट क्लिक करायचं. आणि हे काहीच जमलं नाही तरी कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही अजून तेच आहे, ते एमएस-सीआयटीवाल्यांच्या बोटात असतंच.

हे सगळं भाच्यानं रविवारी येऊन करून दिलं. पाच मिनिटांचं काम. सौ.नं त्याला परत एकदा मोडायला लावलं आणि मग स्वतः केलं, आणि वहीत लिहून घेतलं. पहिल्या पानावर नाही, मागच्या.

"मामी, आता बरंय ना?" त्यानं विचारलं.

"बरंय. पण पुढच्या साली हे परत हलवणार नाहीत कशावरून?"

तो हसला. तिनं मात्र गमतीनं विचारलं नव्हतं. दुधाचा हिशोब ती आता लॅपटॉपवर भरते, आणि दहा दिवसांचं बिल झालं की एक कागद छापून फायलीला लावते. आधी छापत नव्हती. डाळिंबाच्या फवारण्या तर दोन्हीकडं, वहीतही आणि एक्सेलमध्येही. मी त्यावर काही बोललो नाही.

जुना कंप्युटर विकायचा नाही असं ठरलंय. भाचा म्हणतो त्यावर लिनक्स मिंट टाकू, फुकट असतं, जुन्या मशीनवर चालतं आणि त्याचं बटण डाव्या कोपऱ्यात खालीच असतं. आधी सगळ्या फायली दोन पेनड्राईव्हवर घेणार, मगच हात लावणार. जमलं तर इथं लिहीन, नाही जमलं तरी लिहीन.

कालव्याची पाळी परवा आहे. पाचटाचं त्यानंतर.